तुझ्या नावची मूठ

बऱ्हाणपूर, ८ जुलै १९५६

विनायकराव साहेब,

पत्राच्या वरच्या बाजूला आशीर्वाद लिहायचा असतो, असं रजनी म्हणते. तिला म्हटलं, जागा सोडून दे. खाली पोचेपर्यंत राग उतरला तर बघू.

अक्षर ओळखलंस ना? तुझ्याच बायकोचं आहे. तू तिला नागपुराहून पाठवलीस ती आजीचा अंगठा आणायला. पिशवीत एक टाइप केलेला कागद, एक शाईची डबी आणि माझं तोंड गोड करायला संत्र्याची बर्फी. बर्फी मी खाल्ली. कागद आणि डबी कोनाड्यात आहेत. अंगठा माझ्या हाताला आहे आणि तो तिथेच राहणार.

दुसऱ्या कोणाकडून लिहून घेतलं असतं तर तू म्हणाला असतास, हे लोटू मास्तरचंच काम. म्हणून हिलाच बसवली. ती मधेच बोरू थांबवते. "आजी, असं नका ना लिहू, ते चिडतील." मी म्हणते, लिही. चिडू दे. माझ्या चिडण्यावर कोणी चौकशी नाही बसवली.

तुझा कागद तिने वाचून दाखवला. 'मी मथुराबाई, वय सत्तरच्या वर, निरक्षर, दृष्टी मंद, स्मरणशक्ती क्षीण.' दृष्टी मंद? अरे, टांग्यातून उतरताना हिच्या डोळ्यांखालचं काळं मी ओट्यावरून पाहिलं. तू रोज समोर बसून जेवतोस, तुला दिसलं नाही. मंद कोण?

बरं, म्हातारी म्हटलंस, आंधळी म्हटलंस, विसरभोळी म्हटलंस, सगळं गिळलं असतं. पण पुढची ओळ! 'शाळेत मी जे बोलले ते शिक्षक लोटू यांनी मला पढवले होते. त्याचा अर्थ मला कळला नव्हता.'

विनू, ही ओळ तू स्वतः रचलीस, की हापिसात त्याला वेगळा माणूस ठेवलाय?

लोटू आपल्या मागच्या खोलीत राहतो. जसोंडी गावचा पोरगा. बाप लोकांच्या केळीच्या बागेत राबला, तेव्हा हा घरातला पहिला शिकला. नगरपालिकेच्या शाळेत लागला, आता बायको आहे, पदरात दोन पोरं आहेत. मी त्या कागदावर अंगठा टेकला की त्याची नोकरी जाते. तसं कागदात लिहिलेलं नाही. पण मी रजनीला विचारलं, तर तिने मान खाली घातली. तेवढं वाचायला मला येतं.

तक्रार दिगंबरशेठने केली. धान्याचा व्यापार, शाळेच्या कमिटीत खुर्ची, आवाज दोन्हीपेक्षा मोठा. एका अर्जात म्हणतो, सरकारी शाळेत धर्म शिकवला. दुसऱ्यात म्हणतो, अधर्म शिकवला. एकाच तासात दोन्ही! असा मास्तर खरंच असेल तर त्याला बढती द्या, पोरांचा वेळ वाचेल.

आणि तुझी घाई मला कळत नाही असं समजू नकोस. नवा प्रांत होतोय. नागपूर मुंबईकडे जाणार, आपण भोपाळकडे, आणि तिकडे कोणाला कुठली खुर्ची ते आत्ता ठरतंय म्हणे. अशा वेळी फायलीत तुझी आजी नास्तिक म्हणून आली तर बरं दिसत नाही. वेडी म्हणून आली तर चालते.

रजनीला इतक्यात पाठवत नाही. पत्र लिहायला माणूस लागतं.

आशीर्वादाची जागा रिकामीच राहिली.

मथुराबाई


बऱ्हाणपूर, २० जुलै

विनायक,

तुझं पत्र आलं. रजनीने वाचताना दोन ठिकाणं घाईने उरकली. ती दोन्ही मी परत वाचून घेतली. एका ठिकाणी मला 'हट्टी' म्हटलंयस, ते ठीक. दुसऱ्या ठिकाणी म्हणतोस, 'परक्या पोरांसमोर माझ्या वडिलांचं मरण काढायची गरज नव्हती.'

गरज होती की नव्हती ते तू ठरवणार, तर आधी काय झालं ते ऐक. तुमच्या फायलीत अर्ज पोचलेत, ती दुपार पोचलेली नाही.

फाल्गुनातली गोष्ट. लोटूचा शनिवारचा शेवटचा तास. दर शनिवारी गावातलं एक माणूस यायचं आणि आपल्या घरात काय मानतात ते पोरांना सांगायचं. याकूब आला होता. हो, तुझाच याकूब, मागच्या गल्लीतला, आता त्याचे स्वतःचे हातमाग आहेत. त्याने रोजा कसा धरतात ते सांगितलं. सिंधी कापडवाली आली. तिकडून निघताना देवघरातलं काय उचललं आणि काय मागे राहिलं ते सांगता सांगता रडली. नियम एवढाच, की आपलं सांगायचं, दुसऱ्याचं खोडायचं नाही आणि पोरांनी हसायचं नाही. लोटू मला म्हणाला होता, "आजी, ही पोरं एकाच भिंतीला दोन बाजूंनी पाठ लावून बसतात, आणि पलीकडं काय चाललंय ते यांना ठाऊक नाही."

मला बोलावलं कानबाईसाठी, आपल्याकडे श्रावणात घरोघरी बसते त्या देवीसाठी. गल्लीत कानबाईची गाणी माझ्याइतकी कोणाला येत नाहीत. म्हणून सगळ्यांनी धरून चाललं की माझ्याइतकी भक्तीही कोणाची नाही. लोटूही तिथेच फसला.

मी नारळ घेऊन गेले. त्याला काजळाने डोळे कसे काढायचे, नथ कशी बांधायची, मग त्या नारळाची कानबाई कशी होते, ते दाखवलं. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचा आणि त्याचे रोट करायचे, हे सांगितलं. बायांच्या नावची मूठ नसते, त्या दळतात, हेही सांगितलं. रोट भाऊबंदांनीच खायचा, बाहेर द्यायचा नाही. मग गाणं म्हटलं. पोरं खूश. मी उठले, चपला शोधायला लागले.

तेवढ्यात कुसुम उभी राहिली. दिगंबरशेठची पुतणी, नऊ-दहा वर्षांची. म्हणाली, "आजी, रोट बाहेर दिला तर ती कोपते का?"

लोटू म्हणाला, "तशी समजूत आहे. बस."

पोर बसेना. "किती कोपते?"

किती कोपते असं विचारणारं पोर उगाच विचारत नसतं. मी म्हटलं, "कोणाला दिलास गं?"

"नूरीला. याकूबचाचांच्या. ती माझी मैत्रीण आहे." मग खाली बघून म्हणाली, "मग भाऊ तापाने पडला. आता एक पाय ओढतो. काकू म्हणते, तू ओढायला लावलास."

त्या पोरीचा चेहरा मी आधी पाहिला होता, विनू. नऊ वर्षांचा असताना तू तोच चेहरा घेऊन जात्याच्या मागे बसला होतास.

मी चपला ठेवल्या आणि परत बसले. म्हटलं, "नाही कोपत. कोपायला ती आहे कुठे? डोळे मी काढते, नथ माझी आहे. मी काढलेल्या डोळ्यांनी ती मला काय बघणार? माझा लेक मोतीलाल आजारी पडला तेव्हा मी तिच्यासमोर बसून येत होती तेवढी सगळी गाणी म्हटली. मोतीलाल गेला. नारळ होता तसाच होता. तुझ्या भावाचा पाय तापाने नेला, पोरी. तुझ्या रोटाने नाही."

मग मागून एक कार्टं म्हणालं, "मग तुम्ही कानबाई बसवता कशाला?"

"बाया येतात म्हणून. गाणी निघतात म्हणून. मला खीर आवडते म्हणून. देव नसला तर पंगत उठवायची का रे?"

कुसुम हसली नाही, रडलीही नाही. फक्त भिंतीला पाठ टेकून बसली. इतका वेळ ती बाकाच्या कडेवर बसली होती, ते मला तेव्हा कळलं.

यातलं कुठलं वाक्य मला पढवलेलं आहे ते कळव. आणि लोटूचं सांगते. तो सोमवार धरतो, कपाळाला भस्म लावल्याशिवाय शाळेत जात नाही. घरापर्यंत माझ्यासोबत चालत आला. ओट्यापाशी म्हणाला, "आजी, मला पटलं नाही. माझा महादेव आहे."

"असू दे की. माझं काय जातं?"

"पण तुमचं आहे ते मी खोडणार नाही. नियम मीच केलाय."

याने पढवलं असतं तर महादेव पढवला असता, मूर्खा.

(अहो, शेवटचा शब्द मी लिहिणार नव्हते. आजींनी अक्षरं बोटाने मोजल्यासारखं करून विचारलं, "लिहिलास ना?" लिहिला. रजनी)

मथुराबाई


बऱ्हाणपूर, ३ ऑगस्ट

विनायक,

चौकशी झाली. खंडव्याहून साहेब आला, सोबत एक कारकून. शाळेतच बसले. मला पोरांच्या बाकावर बसवलं, गुडघे हनुवटीला. साहेब बरा होता, मला माताजी म्हणत होता. पण ज्याला ऐकायचं नसतं तो फार गोड बोलतो, हे मी तुझ्यावरून शिकले आहे.

आधी दिगंबरशेठ उठला. "मथुराबाई, आमच्या घरची कानबाई तुमच्या हातची बसते. तुम्ही असं बोलावं?"

"शेठ, इतकी वर्षं बसवते. एकदा तरी विचारलंत का, की बाई तुम्ही मानता का म्हणून? गाणं सुरात आहे ना, तेवढं पाहिलंत."

"मग आमच्या देवीला हात कशाला लावलात?"

"तुमच्या घरात दुसऱ्या कोणाला नथ बांधता येत नाही म्हणून."

रजनी मागे पदर तोंडाला लावून बसली होती. रडत होती म्हणून सांगते आता. खोटं.

मग साहेबाने विचारलं, "माताजी, ये सब आपको किसने सिखाया?"

मी म्हटलं, "साहब, मुझे सिखाने कौन आता? शाला तो तुम्हारी अब खुली।"

त्याने परत तेच विचारलं. मी परत तेच म्हटलं. मग तो लोटूकडे वळला. त्याला वाट काढून देत होता, ते मलाही दिसलं. म्हणाला, "मास्टरजी, बुढ़ापे में आदमी बहक जाता है। आप इतना ही लिख दीजिए कि अम्मा बहक गई थीं।"

एवढंच लिहायचं होतं त्याला. लिहिलं असतं तर त्याच दुपारी सुटला असता. दाराशी त्याची बायको धाकट्याला कडेवर घेऊन उभी होती, तिने डोळे मिटले. लोटू म्हणाला, "साहब, अम्मा बहकी नहीं थीं। मुझे उनकी बात मंज़ूर नहीं है, पर बात उनकी ही थी।"

विनू, परक्या माणसाला जे कळलं ते माझ्या हाडामांसाच्या नातवाला टाइप करताना कळलं नाही.

शेवटी कारकुनाने माझी साक्ष पुढे सरकवली, म्हणाला अंगठा लावा. मी म्हटलं, आधी वाच. त्याला राग आला, पण वाचलं. 'गवाह वृद्धा है। प्रश्न ठीक से समझ नहीं पाती।' एवढंच. मी बोलले त्यातलं एक अक्षर नाही. कुसुमचा भाऊ नाही, माझा मोतीलाल नाही, नथ नाही, काही नाही.

मी हात पदरात घेतला. साहेब म्हणाला, अंगठ्याशिवाय साक्ष धरता येणार नाही. म्हणजे मी जे बोलले ते हवेत गेलं. आणि जे मी कधी बोललेच नाही ते कोनाड्यात टाइप होऊन तयार आहे, त्याला अंगठ्याची शाईसुद्धा घरपोच.

एवढी संतापले होते की घरी येऊन कणीक मळली. लागत नव्हती तरी मळली.

रविवारी रजनी माझ्यासोबत जेवायला बसली. मी सहज म्हटलं, आज नागपुरात विनू काय जेवत असेल? ती म्हणाली, ते रविवारी काही घेत नाहीत. पाणीसुद्धा नाही. लग्न झाल्यापासून बघते, आधीपासून असेल. कोणत्या देवाचं, कशासाठी, विचारलं की उठून जातात. आणि घरातलं शिजलेलं शेजारी वाटीभरसुद्धा देऊ देत नाहीत.

मी घास खाली ठेवला.

कानबाई रविवारी बसते. तू नऊ वर्षांचा होतास त्या श्रावणात तुझा बाप गेला. तू रोट याकूबला दिला होतास, त्यांच्या हातमागाखालच्या खड्ड्यात बसून दोघांनी खाल्ला होतात. मालूआत्याने तुला सांगितलं, तूच बापाला खाल्लंस. मी तेव्हाच तिला घराबाहेर काढलं आणि तुला मांडीवर घेऊन सांगितलं, माणूस तापाने मरतो, रोटाने मरत नाही. तू मान डोलावलीस. मला वाटलं, संपलं.

म्हणजे तू मान नुसती डोलावली होतीस.

आता कळलं, माझ्या एका वाक्याने तू एवढा का पेटलास. भोपाळची खुर्ची वरवरची आहे. आजी खरं बोलली असेल, तर इतके रविवार तू तहानलेला कोणासाठी राहिलास, हा तुझा प्रश्न आहे. म्हणून आजी वेडी असलेली बरी.

याचा मला जो राग आलाय तो तुझ्यावरचा नाही. पण मालूआत्या मेली आहे, आणि नारळाशी भांडून उपयोग नाही. तेव्हा तूच सोस.

मथुराबाई


बऱ्हाणपूर, १३ ऑगस्ट

विनू,

लोटूचा हुकूम आला. नोकरी वाचली, बदली झाली. धूलकोटला. शनिवारचा तास बंद. हुकमात कारण लिहिलेलं नाही. वाचून लोटू म्हणाला, "आजी, धूलकोटातही शनिवार असतो." त्याची बायको भांडी बांधत होती, तिने पळी आपटली. तिचं बरोबर आहे. पोरांना घेऊन उठायचं तिला आहे.

त्यांना निरोप द्यायच्या आधी कानबाई आली. काल बसवली. दिगंबरशेठने यंदा मला बोलावलं नाही. दुसरीकडून बाई आणली, तिला गाणी अर्धीच येत होती. उरलेल्या अर्ध्यासाठी त्याच्याच घरच्या बाया आमच्या ओट्यावर येऊन बसल्या.

एक सांगायचं राहिलं. काजळाची डबी सापडेना. म्हणून तुझी शाईची डबी उघडली. वाया कशाला घालवायची, सरकारी माल. यंदा कानबाईचे डोळे जांभळे आहेत. बाया म्हणाल्या, अगं बाई, ही वेगळीच दिसते. मी म्हटलं, नागपूरच्या हापिसातून डोळे आलेत तिला. तरी तिला दिसत काही नाही. तिथल्या लोकांसारखंच.

आता कामाचं ऐक.

आपल्या घरात मूठ एकच उरली आहे, तुझी. तू येत नाहीस तरी दर वर्षी मी ती घालते. यंदाही सव्वा मूठ गहू तुझ्या नावाने जात्यात घातला. रजनीच्या नावचीही घातली. ती म्हणाली, "आजी, बायांची नसते ना?" म्हटलं, दळणारी मी, मोजणारी मी, नसते म्हणणारं कोण आहे इथे?

खीर झाली, गंगाफळाची भाजी झाली, रोट झाले. मग मी याकूबला हाक मारली. भर दुपारी, ओट्यावर, सगळ्या बाया बसलेल्या असताना. तो आला, खालीच उभा राहिला. मी तुझ्या नावचा रोट घेतला, मोडून दोन केले आणि अर्धा त्याच्या हातावर ठेवला.

पांढऱ्या दाढीचा होत आलेला माणूस. म्हणाला, "अम्मा, ये मत करो। उस बार के बाद विनू मुझसे बोला नहीं। मैं भी समझा था, मेरे खाने से हुआ।"

ऐकलंस? मागाच्या त्या खड्ड्यात तुम्ही दोघं होतात. तू नागपुरात उपाशी राहिलास आणि हा इथे मागच्या गल्लीत तेच ओझं घेऊन माग चालवत राहिला. मला माहीत नव्हतं. गावात कोणालाच माहीत नव्हतं. आणि तुम्ही म्हणता, असलं काही शाळेत बोलू नये, पोरं बिघडतात!

मी ओरडले त्याच्यावर. म्हटलं, "खा. मेरे सामने खा।" त्याने खाल्ला. उभ्या उभ्या, रडत, खीर नको म्हणाला. दिगंबरशेठच्या घरच्या दोन बाया पदर झाडून उठून गेल्या. कुसुम त्यांच्यासोबत आली होती, ती उठली नाही. याकूबचा शेवटचा घास होईपर्यंत बघत राहिली आणि मग मला म्हणाली, "आजी, आता?"

"आता काय? हात धू आणि खीर वाढायला लाग."

तर विनायकराव, हिशोब असा आहे. रोट बाहेर मी दिला, जाणूनबुजून, उजेडात, साक्षीदारांसमोर. कोप व्हायचा तर माझ्यावर व्हायला पाहिजे. आज दुसरा दिवस. कानबाईला तापीत सोडून आलो. येताना घाट मी स्वतःच्या पायांनी चढले, रजनी मागे राहिली होती. आणि वय झालंच आहे, उद्या-परवा गेलेच, तर म्हातारी होती म्हणून गेले. तसं दारावर खडूने लिहून ठेव, असं रजनीला सांगून ठेवलंय. म्हणजे पुन्हा कोणाची मालूआत्या काही बोलायला नको.

तुझा कागद रजनीच्या पिशवीत परत ठेवलाय, आला तसा. तिला मी पाठवणार नाही, तिला न्यायला तूच ये. ती म्हणते तिला चालेल. रोट पौर्णिमेच्या आत संपवायचा असतो, ते तुला ठाऊक आहे. तुझा अर्धा शिंक्यात आहे. टपालाने पाठवला असता, पण टपालवाला आपला भाऊबंद नाही. मला चालतं रे, तुला चालणार नाही.

रविवार सोडून ये. नाही, थांब, रजनी, खोड ते. रविवारीच ये. मी समोर बसून तुला पाणी पाजणार आहे.

आशीर्वादही शिंक्यातच ठेवलाय, रोटाशेजारी. तो हातातच द्यायचा असतो.

तुझी आजी